बाळ सव्वादोन महिन्यांचं, शिल्लक शून्य. कुठे कापू?

अर्धवट_झोप
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतेय आणि तोही रात्री पावणेतीनला, एका हाताने टाईप करत, त्यामुळे शुद्धलेखन पोटात घाला.

तर आमची चिमणी सव्वादोन महिन्यांची झालीये. सिंहगड रोडला राहतो, दोघंही नोकरी करतो, फ्लॅटचा हप्ता ३१ हजार. ही व्हायच्या आधी महिन्याला २० हजार तरी बाजूला पडायचे. मागच्या महिन्यात शून्य. शून्य म्हणजे तेही खरं नाही, कार्डावर १२ हजार उधारी आहेच. आणि हे माझा पगार चालू असताना! तीन महिन्यांनी रजा संपेल, त्यापुढे अजून तीन महिने बिनपगारी मागावी असं मनात आहे, तेव्हा काय खायचं?

मागच्या महिन्याचा बाळखाती हिशोब असा: डायपर २९००, मालिशच्या मावशी ९००० (रोजचे ३००, तिला आणि मला मिळून), दीड महिन्याच्या लशी ८६००, ऑनलाईन किरकोळ ११४००. बारसं यात धरलेलं नाही, तो विषयच काढू नका.

सासूबाई म्हणतात मालिशवाली बंद कर. नवरा म्हणतो लशी सरकारीत घेऊ. मला वाटतं डायपर कमी करावेत. तिघांची तीन मतं आणि बाळाचं चौथं, ती फक्त रडते. तुमच्याकडे कसं केलंत?

खारीकखोबरं
आधी अभिनंदन! पावणेतीनला जागे असलेले समस्त आईबाप या धाग्यावर गोळा होणार बघा.
बाकीचं राहू दे, ते "ऑनलाईन किरकोळ ११४००" जरा सोडवून लिही. मालिशवाल्या मावशींपेक्षा जास्त पैसे किरकोळ घेऊन गेलं की गं.

लंगोटीयार
डायपरवर माझा अनुभव लिहितो. आमच्या मुलाच्या वेळी आईने दोन जुन्या सुती साड्या आणि आजोबांचं एक धोतर फाडलं, त्यातून ३० लंगोट आणि डझनभर दुपटी निघाली. शिवणाचा खर्च गल्लीतल्या टेलरला २०० रुपये. नवं कापड तितकं मऊ लागत नाही, दहा वर्षं धुतलेलं धोतरच पाहिजे. दिवसभर लंगोट, रात्री एक डायपर आणि डॉक्टरकडे जाताना एक. तुमच्या हिशोबाने डायपर १२ ला एक पडतोय असं धरलं तर दिवसाला आठाचे दोन झाले, म्हणजे २९०० चे ७००. महिन्याला दोन हजाराच्या वर वाचतात, शिवाय पुरळ नाही. आमच्याकडे मांड्यांवर लाल चट्टे आले होते ते चार दिवसांत गेले.

फक्त लंगोट बांधून कडेवर घेताना अंगावरचा शर्ट चांगला नसावा.

फणसगरे
लंगोटीयार, तुमचं बाळ उन्हाळ्यातलं दिसतंय. आमचं जुलैमधलं, रत्नागिरीत. सात सात दिवस ऊन नाही आणि दिवसाला वीस लंगोट. घरात दोऱ्या बांधून बांधून अशी अवस्था की स्वयंपाकघरात वाकून जायला लागायचं. शेवटी आजीने माळ्यावरून बांबूचं डालगं काढलं, खाली निखाऱ्याची शेगडी आणि वर पालथ्या डालग्यावर लंगोट पसरायचे. वाळले मस्त, पण पोराला जो काय धुराचा वास लागला! माझा नवरा मुंबईहून आला आणि पापी घेऊन म्हणाला, हा सुका बांगडा कोणी गुंडाळून ठेवलाय.
पावसाळ्यात गपचूप डायपर घ्यावेत. ऋतुमानाप्रमाणे बचत.

म्हापशेकार
सुक्या बांगड्याला नावं ठेवायची नाहीत हं. आम्ही शुक्रवारच्या बाजारात पैसे देऊन घेतो.

अर्धवट_झोप
@खारीकखोबरं, लाज वाटतेय पण लिहिते. बाटल्या निर्जंतुक करायचं यंत्र २८००. बाळाला झोप लागावी म्हणून घूंऽऽ असा आवाज करणारं मशीन १६००. ओले वाइप कोमट करायची पेटी १९००. बाळाभोवती गोल ठेवायची उशी २६००. "मी आज दोन महिन्यांची" वगैरे लिहिलेली फोटोची कार्डं ७००. बूट ९००, जे पायात तीन मिनिटं राहतात. हेअरबँड ९००, केस नाहीत.
सगळी खरेदी रात्री एक ते चारच्या दरम्यानची आहे हे आत्ता ऑर्डरी बघताना लक्षात आलं.

खारीकखोबरं
वाइप कोमट करायची पेटी 😂 पुण्यात! अगं एप्रिलात नळाला पाणीच कोमट येतं.

कॉफीवाला
घूंऽऽ आवाजाला १६०० का दिले, आमच्याकडे मिक्सरवर झोपायचा. रोज दुपारी शेंगदाण्याचं कूट. तीन महिन्यांत दोन किलो कूट जमलं, नंतर आठवडाभर दाण्याची आमटीच.

तांबडा_पांढरा
बाटलीच्या यंत्राबद्दल: पातेल्यात पाणी उकळायचं आन बाटल्या टाकायच्या, झालं यंत्र. आमच्या कोल्हापुरात तर बाटली बी नको म्हणत्यात, वाटीचमचा नायतर बोंडलं. चांदीचं बोंडलं मामानं दिलेलं तीन पोरांना पुरलं, आता चौथ्याच्या घरात गेलंय. घासाय पण सोपं. बाटलीच्या बुचाच्या खाचेत दूध अडकून जो वास येतो त्यो नाही.

डॉ_साधेसोपे
बालरोगतज्ज्ञ नाही, पण सार्वजनिक आरोग्यात बरीच वर्षं काढलीत, म्हणून लशींबद्दल लिहिते.

पालिकेच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्या लशी फुकट मिळतात त्या "गरिबांच्या" लशी नाहीत. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट (डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची एकत्र लस), पोलिओ आणि रोटाव्हायरस (जुलाबावरची). न्यूमोकोकलची (न्यूमोनियावरची) लस, जी खाजगीत सगळ्यात महाग पडते, ती २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात आहे. ९ महिन्यांना गोवर-रुबेला.

खाजगीत "पेनलेस" म्हणून पेंटाव्हॅलंटऐवजी जी देतात त्यात डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या प्रकारचा असतो, त्यामुळे ताप आणि सूज कमी. पण बाळ तापलं नाही म्हणजे लस भारी असं नाही, पहिल्या तीन डोसांसाठी सरकारीतली जुन्या प्रकारची लस कुठेही कमी पडत नाही. कांजिण्या, कावीळ अ, फ्लू, टायफॉइड या मात्र सरकारी यादीत नाहीत, त्यांना खाजगीतच जावं लागतं. त्यांचा खर्च बहुतेक सहा महिन्यांनंतर सुरू होतो, त्यासाठी आत्तापासून थोडे बाजूला टाका.

अर्धवट_झोप, तुमचा पहिला डोस खाजगीत झालाय. मध्येच बदलायचं तर कार्ड घेऊन जा, आधी नक्की कुठली लस दिली ते दाखवा, रोटा शक्यतो त्याच कंपनीची पूर्ण करा आणि तुमच्या डॉक्टरांना न सांगता काही करू नका. चांगला डॉक्टर यावर रागवत नाही.

कॉफीवाला
डॉक्टर, मुद्दा मान्य, पण पालिकेच्या दवाखान्यात लशीचा वार ठरलेला असतो. आमच्याकडे मंगळवार. म्हणजे एकाची अर्धी सुट्टी गेली, रिक्षाचे जायचे यायचे ३०० गेले, रांगेत दोन तास. खाजगीत शनिवारी संध्याकाळी अपॉइंटमेंट. वेळेचे पैसे कोण धरणार?

तांबडा_पांढरा
दोन तासांचे आठ हजार रुपये पगार असंल तर खाजगीतच जावा भाऊ, आमचं काय म्हणणं न्हाई.

कॉफीवाला
बरं बाबा, हरलो.

हिशोबनीस
सगळे लंगोटावर अडकलेत, मी कागदांवर लिहितो, कारण माझे सगळ्यात जास्त पैसे कागदांच्या आळसात गेले.

जन्माची नोंद २१ दिवसांत झाली तर फुकट. हॉस्पिटलने नोंद केली असेल पण त्यात बाळाचं नाव नसेल, तर नाव वर्षाच्या आत विनाशुल्क घालता येतं. आम्ही विसरलो, मग घाईत एका एजंटला दीड हजार दिले आणि त्याने फक्त अर्ज भरला. अर्ज एका पानाचा होता.

विमा: ऑफिसचा ग्रूप मेडिक्लेम असेल तर बाळाचं नाव लगेच घालून घ्या, एचआरकडे ठराविक मुदत असते आणि ती गेली की पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबावं लागतं. स्वतःची पॉलिसी असेल तर बऱ्याच कंपन्या बाळाला ९० दिवसांनंतरच घेतात. चिमणीचे ९० दिवस आता भरतीलच, त्या दिवशी फोन करा. एक रात्र बाळ अॅडमिट झालं तरी तुमची सगळी लंगोटबचत त्यात जाते.

सुकन्या समृद्धी: दहा वर्षांच्या आत मुलीचं खातं उघडता येतं, वर्षाला किमान २५० रुपये, १५ वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होतं. २५० टाकून खातं उघडून ठेवा, आत्ता जास्त टाकू नका, आधी कार्डाची उधारी फेडा. कार्डाचं व्याज कुठलीच सुकन्या भरून काढत नाही.

आणि गर्भनाळेतलं रक्त साठवायला पैसे मागायला कोणी आलं होतं का? आम्हाला सोनोग्राफीच्या बाहेरच गाठलं, "आयुष्यभराचा जैविक विमा" म्हणून. बायकोने विचारलं आमच्याच मुलाला त्याचा उपयोग होईल असं लिहून देता का, तेव्हा गृहस्थ पाणी प्यायला उठले. बाळाच्या स्वतःच्या भविष्यासाठी असं रक्त साठवायला शास्त्रीय आधार नाही असं आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मार्गदर्शक तत्त्वांतच आहे.

अर्धवट_झोप
@हिशोबनीस आम्ही भरलेत हो ते पैसे. हप्त्यात. तो हप्ता तर मी हिशोबात धरलाच नव्हता. आत्ता नवऱ्याला उठवून सांगू का सकाळी?

हिशोबनीस
सकाळी. चहा झाल्यावर.

संत्राबर्फी
नागपुरातून लिहितेय. आमच्याकडे पोळ्या करायला येते त्या ताईला मागच्या वर्षी मुलगी झाली. पहिलीच. तिचा प्रधानमंत्री मातृवंदनाचा फॉर्म अंगणवाडीताईने भरून दिला, पहिल्या बाळाला पाच हजार मिळतात ते दोन टप्प्यांत आले. दुसरं बाळ मुलगी असंल तर सहा हजार असतात. आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असंल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ नंतरची असंल तर लेक लाडकीमध्ये जन्माला पाच हजार, मग पहिलीत, सहावीत, अकरावीत असे थोडे थोडे आणि अठराव्या वर्षी ७५ हजार, सगळे मिळून एक लाख एक हजार. तुम्हाला लागू नसंल बाप्पा, पण तुमच्या घरी येणाऱ्या मालिशवाल्या मावशीच्या सुनेला असू शकतं, विचारून पाहा. आमच्या ताईला माहीतच नव्हतं.

बव्हेरियातला_बंड्या
इकडची गंमत सांगतो. आमचं बाळ म्युनिकजवळचं. बाळंतपणानंतर सुईण घरी येते, बाळाचं वजन करते, नाळ बघते, आईची चौकशी करते आणि पैसे आरोग्य विमा देतो. बाळासाठी सरकार २०२५ मध्ये महिन्याला २५५ युरो द्यायचं, आईबापांपैकी जो घरी थांबेल त्याला पगाराचा काही भाग वेगळा मिळतो. ऐकून आमच्या सासरी वाटलं जावई लखपती झाला. पण घरभाडं आणि पाळणाघराची फी ऐकल्यावर गप्प बसले.

इथे सेकंडहँडची लाज अजिबात नाही. वसंत ऋतू आला की शाळेच्या हॉलमध्ये बाळांच्या कपड्यांचा जुना बाजार भरतो, डॉक्टरीणबाईपण तिथेच खाली बसून मोज्यांच्या जोड्या शोधत असतात. आम्ही बाबागाडी ४० युरोला घेतली आणि दोन वर्षांनी ३५ ला विकली.

मालिश मात्र नाही. बायकोने व्हिडिओ कॉलवर आईकडून शिकून मला शिकवली. बाळाला तेल लावताना निसटतं हे कोणी आधी सांगितलं नव्हतं.

खारीकखोबरं
आपल्याकडे तरी जुन्याची लाज कुठे होती? बारशापर्यंत नवं अंगाला लावायचंच नाही अशीच पद्धत. कुणाच्या तरी धडधाकट पोराचं उतरवलेलं झबलं मागून आणायचे, त्याचं आयुष्य याला लागो म्हणून. नवं ते एकदम बारशाला, कुंची वगैरे. आता पहिल्या दिवशीच हॉस्पिटलात नव्या कपड्यांत फोटोशूट.

लंगोटीयार
+१. आणि सोसायटीच्या ग्रूपवर एकदा विचारून बघा. आम्ही "शून्य ते सहा महिने कपडे आहेत का" विचारलं, तर चार पिशव्या आल्या, दोन झबल्यांची लेबलंसुद्धा निघालेली नव्हती. तीन किलोचं बाळ सहा महिन्यांत दुप्पट होतं, कपडे फाटायला वेळ कुठे मिळतो.

पांगुळगाडा
पुढच्या खर्चाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, चाकांचा प्लास्टिकचा वॉकर घेऊ नका. त्यात बसवलं की पोर जिन्यापर्यंत जातं. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा घ्या, पोर स्वतः उभं राहून ढकलतं.

फणसगरे
तुमचं नाव बघूनच कळलं होतं हे येणार.

कॉफीवाला
मूळ प्रश्नावर: मला वाटतं सोपं उत्तर कोणी दिलंच नाही. आजीला बोलवा. मालिश फुकट, लंगोट धुणं फुकट, डिंकाचे लाडू फुकट, रात्रीची एक पाळी फुकट. ९००० सरळ वाचले. आमच्याकडे आई आठ महिने होती, एक रुपया खर्च नाही.

पेन्शनर
कॉफीवाला, तुमच्या आई इथे लिहीत नसाव्यात, म्हणून मी लिहिते.

मी ६४ वर्षांची. बँकेत ३३ वर्षं नोकरी केली, निवृत्त झाले आणि चौथ्या महिन्यात नातू झाला. मुलीकडे ठाण्याला साडेनऊ महिने होते. "फुकट" हा शब्द मी तेव्हाही ऐकला, प्रेमानेच म्हटलेला, आणि तेव्हाही टोचला.

त्या साडेनऊ महिन्यांत माझ्या सांगलीच्या घराचा मेंटेनन्स मी भरत होते. यांचं जेवण डब्यावर, महिन्याला ३५०० चा डबा. माझं पेटीचं शिकणं चालू होतं ते सुटलं, नंतर परत बसलेच नाही. डाव्या गुडघ्याला इंजेक्शन घ्यावं लागलं, कारण फणसगरे म्हणतात ते वीस लंगोट वाकून धुतो कोण? मशीनमध्ये टाकायच्या आधी हाताने काढावं लागतं सगळं, हे ज्याने केलं नाही त्यालाच लंगोट स्वस्त वाटतात. बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालायची म्हणजे पाटावर पाय लांब करून पाऊण तास. मला आवडायचं. नातवाच्या अंगाचा वास अजून नाकात आहे. पण आवडतं म्हणून ते फुकट होत नाही.

आणि एक. मुलीने मला विचारलं नव्हतं. "आई येतेच आहे" असं तिने सासरी सांगितलं आणि मग मला कळवलं. विचारलं असतं तरी मी गेलेच असते.

कॉफीवाला
काकू, माफ करा. खरंच असा विचार केला नव्हता. आईला आज फोन करतो.

पेन्शनर
माफी कसली. फोन कराच. आणि डब्याचे किती झाले ते वडलांना विचारा.

संत्राबर्फी
काकू, टाळ्या. माझी आई हा धागा वाचत असंल तर, आई, गुडघेदुखीचं मला सांगितलं काऊन नाही?

मनमोकळी
मला दोन्ही बाजू दिसतात. आमच्याकडे आजी आल्या म्हणून मी सहा महिन्यांनी कामावर जाऊ शकले, पाळणाघराचे महिन्याला १२ हजार वाचले. पण त्याच वर्षी मी सासूबाईंच्या नावावर महिन्याला पाच हजार टाकायला लागले, आवर्ती ठेवीत. त्यांनी नको नको केलं, मग पासबुक कपाटात कुलपात ठेवायला लागल्या. ते बघून नवरा म्हणाला हे तू आधी का नाही केलंस, तर मी म्हटलं हे तू आधी का नाही केलंस.

मालिशवाल्या मावशी बंद करू नका असं माझं मत. बाळापेक्षा तुमच्यासाठी. ते ४५ मिनिटं तुम्हाला कोणी हात लावतंय पण दूध मागत नाहीये, असा दिवसातला तेवढाच वेळ असतो. रोजच्याऐवजी दिवसाआड करा.

हिशोबनीस
परत एकदा येतो, कारण एवढ्या प्रतिसादांत सगळ्यात मोठा आकडा कोणी धरला नाहीये. धागालेखिकेने पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, तीन महिने बिनपगारी रजा. ताई, हातात येणारा पगार किती ते विचारत नाही, पण समजा ५० हजार असेल तर दीड लाख झाले. वर्षभराच्या लंगोटबचतीचे २५ हजार. आपण सगळे २५ हजारांवर तीन पानं भांडलो.

रजा घेऊ नका असं म्हणत नाही. घ्यायची तर घ्या, पण मग तोच मुख्य खर्च आहे असं समजून घ्या आणि वाइपच्या पेटीवर स्वतःला शिव्या घालणं बंद करा. दुसरं, मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळांना २६ आठवडे पगारी झाले, त्याच वेळी ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय असली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे हेही आलं. रजेनंतर घरून काम करायचं तर तेही मालकाशी ठरवता येतं. ऑफिसला लेखी विचारा. तोंडी विचारलंत तर तोंडीच उत्तर मिळेल.

आणि तिसरं: बिनपगारी रजा तुमचीच का? दीड दीड महिना वाटून घ्या.

मनमोकळी
तिसऱ्या मुद्द्याला उभं राहून टाळ्या.

तांबडा_पांढरा
तिसऱ्या मुद्द्याला आमच्या हापिसात पोलीस बोलवत्यात. पण बरोबर हाय.

अर्धवट_झोप
बारा दिवसांनी येतेय. सगळे प्रतिसाद वाचले, काही दोनदा, पेन्शनर काकूंचा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

लशी: डॉक्टरांना विचारलं. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले रोटा इथे पूर्ण करा, बाकीच्या पुढच्या वेळेपासून पालिकेत घेतल्या तरी चालेल, कार्ड मीच लिहून देतो. दुसरा डोस इथेच झाला, चौदा आठवड्यांचा तिकडे. मेडिक्लेममध्ये नाव घातलं, एचआरने सांगितलं मुदत संपायला सहा दिवस होते! नाळेच्या रक्ताचा करार रद्द होतो का ते विचारलंय, उत्तर येतंय येतंय म्हणतायत. सुकन्या २५० वर उघडली.

मावशी आठवड्यातून तीनदा. त्यांच्या सुनेला सातवा महिना आहे, @संत्राबर्फी, फॉर्मचं सांगितलं, त्या अंगणवाडीत जाऊन आल्या.

आईला फोन करून विचारलं, येशील का, आणि किती दिवस जमेल. आई आधी गप्पच झाली, मग म्हणाली दोन महिने, मे आणि जून, जुलैत मला वारीला जायचंय. मला माहीतच नव्हतं तिला वारीला जायचंय ते.

रजेचं: ऑफिसला पाच वर्षं पाळणाघर "प्रस्तावित" आहे. लेखी विचारल्यावर दुसऱ्या दिवशी एचआरबाई स्वतः भेटायला आल्या. बघू. नवऱ्याने त्याच्या ऑफिसात एक महिना मागितलाय, साहेबांनी विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना?

रात्री एक ते चार खरेदीचं अॅप फोनमधून काढून टाकलंय. म्हणून तर इथे येऊन बसते.

खारीकखोबरं
आणि वाइपची पेटी?

अर्धवट_झोप
६०० ला विकली. घेणारीने रात्री सव्वादोनला मेसेज केला होता.

पेन्शनर
आई जुलैत वारीला जाणार म्हणजे जूनच्या शेवटी त्यांना चांगल्या चपला घेऊन द्या. तो खर्च बाळखाती लिहायचा.

लंगोटीयार
माझ्याकडे सागवानी पाळणा आहे, माळ्यावर नुसता पडून. धायरीला राहतो, तुमच्यापासून दहा मिनिटं. पैसे नकोत. फक्त न्यायला गाडी आणा.

अर्धवट_झोप
अहो खरंच? रविवारी येतो. पण सासूबाई विचारतायत, रिकामा पाळणा हलवायचा नसतो, मग टेम्पोत हलला तर?

लंगोटीयार
त्यात तो ३० लंगोटांचा गठ्ठा ठेवतो. रिकामा नको जायला.